जिवंत राहिलेल्यांची साक्ष : किती मानायची, कशी तपासायची

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की वंशसंहाराचा इतिहास त्यातून जिवंत राहिलेल्यांच्या साक्षीशिवाय लिहिता येत नाही. त्यावर आलेल्या पत्रांत दोन सूर आहेत. ज्यांनी सोसलं त्यांच्या शब्दावर शंका घेणंच गैर, असं काहींचं म्हणणं. पन्नास वर्षांनी सांगितलेल्या आठवणीला इतिहास म्हणू नये, असं काहींचं. आम्हाला दोन्ही पटत नाही. का पटत नाही, ते उत्तरांत येईलच. ज्यांच्या निमित्ताने तपशिलात शिरता येईल असे प्रश्न आधी घेतले आहेत.

नाझींनी स्वतःच ढीगभर कागद मागे ठेवले असताना साक्षीदारांची गरज काय? माणूस विसरतो, कागद विसरत नाही. (कायद्याची विद्यार्थिनी, पुणे)

कागद विसरत नाही हे खरं, पण तो कोणाच्या टेबलावर तयार झाला ते आधी पाहावं लागतं. वंशसंहाराची बहुतेक कागदपत्रं मारणाऱ्यांनी लिहिलेली असतात. नाझींच्या कागदांत माणसं मारली जात नाहीत. त्यांचं ‘पूर्वेकडे स्थलांतर’ होतं, त्यांना ‘विशेष वागणूक’ मिळते. शिवाय कार्यालयाला ज्याचा हिशेब हवा होता तेवढंच कागदावर उतरतं. गाडी कधी सुटली, डबे किती, माणसं किती, हे सापडेल. डब्यात पाणी होतं का, फलाटावर कोणी कोणाला रांगेतून ओढून काढलं, गावातले पोलीस त्या वेळी काय करत होते, हे सापडणार नाही. आणि पराभव दिसू लागल्यावर ठिकठिकाणी कागदही जाळले गेले.

नोव्हेंबर १९४५ मध्ये सुरू झालेल्या नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात मुख्य अमेरिकी फिर्यादी रॉबर्ट जॅक्सन यांनी जाणूनबुजून कागदांवर भिस्त ठेवली. साक्षीदारांना सूडाने पेटलेले म्हणून मोडीत काढता येईल, आरोपींच्या स्वतःच्या सह्यांना मोडीत काढता येणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. खटल्यापुरता तो बरोबर ठरला. पण छळ सोसलेले साक्षीदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले. ऑशविट्झच्या नाझी छावणीतून वाचलेल्या फ्रान्सच्या मारी-क्लोद व्हायाँ-कुतुरिए २८ जानेवारी १९४६ रोजी बोलल्या, विल्ना घेट्टोतले (म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतले) यिडिश कवी अब्राहम सुत्झकेव्हर २७ फेब्रुवारीला. १९६१ मध्ये जेरुसलेमला ज्यूंच्या छावण्यांकडच्या रवानगीची व्यवस्था पाहणाऱ्या आइकमन या नाझी अधिकाऱ्यावर खटला चालला तेव्हा फिर्यादी गिडियन हाउसनर यांनी उलटा मार्ग धरला आणि शंभरहून अधिक साक्षीदार उभे केले. संहार म्हणजे काय हे जगाला त्या साक्षींतून कळलं. आइकमनचा वैयक्तिक दोष ठरवताना मात्र मोठा आधार कागदांचा आणि त्याच्याच जबानीचा होता.

कागदच नसले तर काय होतं, याचं उदाहरण पोलंडमधल्या स्टाराखोवित्सेचं. २७ ऑक्टोबर १९४२ रोजी तिथल्या व्येझ्बनिक घेट्टोतल्या ज्यूंना चौकात गोळा केलं गेलं. सुमारे ४ हजार जणांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मरायला पाठवलं, १६०० च्या आसपास लोकांना शस्त्रकारखान्याच्या मजूरछावण्यांत ठेवलं. या छावण्यांविषयी जर्मन कागद फारच थोडे उरले. तिथला जर्मन पोलीस अधिकारी वाल्टर बेकर याच्यावर पुढे हॅम्बुर्गला खटला झाला. साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत, त्या विश्वासार्ह नाहीत, असं म्हणून न्यायालयाने त्या बाजूला ठेवल्या आणि १९७२ मध्ये तो सुटला. नंतर अमेरिकी इतिहासकार क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी याच छावण्यांच्या २९२ जबान्या एकत्र लावून वाचल्या. त्या युद्ध संपल्यापासून पुढच्या सहा दशकांत, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या लोकांनी नोंदवलेल्या होत्या. त्यांना असं दिसलं की घटनांचा गाभा इतक्या वर्षांत हललेला नाही. हॅम्बुर्गच्या न्यायालयाने एकेका जबानीतली भेग पाहिली. सगळ्या जबान्या घटनेनुसार आणि जागेनुसार शेजारी ठेवल्या असत्या, तर तीच भेग किरकोळ दिसली असती. बेकरचं सुटणं हा साक्षीचा दोष होता असं आम्ही मानत नाही. साक्ष वाचण्याची पद्धतच चुकली होती.

आणखी एक. सगळेच कागद मारणाऱ्यांचे नसतात. वॉर्सा घेट्टोत इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम यांच्या गटाने दैनंदिन्या, रेशनकार्डं, शाळकरी मुलांचे निबंध, मृत्युछावणीतून पळून आलेल्यांच्या जबान्या असं सगळं गोळा करून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनांत पुरलं. एक साठा १९४६ मध्ये सापडला, दुसरा १९५० मध्ये. जमवणारे जवळजवळ सगळे मारले गेले. नंतरच्या आठवणी पडताळायला त्या काळातली, बळींच्याच हातची नोंद मिळाली ती अशी.

साक्षीत एक ढळढळीत चूक सापडली तर बाकीचं कशाच्या आधारावर मानायचं? (इतिहासाचे शिक्षक, बीड)

चूक कशात आहे, त्यावर ते अवलंबून. ऑशविट्झ-बिर्केनाउमध्ये ७ ऑक्टोबर १९४४ रोजी प्रेतं जाळण्याच्या दाहगृहांत राबवल्या जाणाऱ्या कैद्यांनी बंड केलं, क्रमांक चारचं दाहगृह पेटलं. येल विद्यापीठाच्या जबानी-संग्रहासाठी बोलताना एका बाईंनी हे बंड पाहिल्याचं सांगितलं आणि म्हणाल्या, चार धुरांडी उडाली. इतिहासकारांनी ही जबानी अग्राह्य ठरवली, कारण चार नव्हे, एकच. मुलाखत घेणारे मनोविकारतज्ज्ञ डोरी लाउब स्वतः बालपणी संहारातून वाचलेले होते. त्यांचा मुद्दा असा, की ऑशविट्झमध्ये बंड होऊ शकतं हीच अशक्य वाटणारी गोष्ट त्या बाईंनी डोळ्यांनी पाहिली होती आणि त्या त्याची ग्वाही देत होत्या.

आमचं मत दोघांच्या मधलं आहे. किती धुरांडी, हा प्रश्न असेल तर ही जबानी वापरू नका. छावणीच्या बांधकामाचे नकाशे आणि दुरुस्तीच्या नोंदी वापरा. बंड झालं का, ते लांबच्या बराकींपर्यंत दिसलं का, पाहणाऱ्या कैद्यांवर त्याचा काय परिणाम झाला, हा प्रश्न असेल तर ही जबानी उत्तम आहे.

सरसकट सांगायचं तर आकडे, तारखा, अंतरं आणि घड्याळाची वेळ या बाबतीत माणसाची आठवण कच्ची असते. उपाशी, मारलेल्या, अंधाऱ्या डब्यात दोन दिवस कोंबलेल्या माणसाची तर असणारच. घटनांचा क्रम, शेजारी कोण होतं, जागा कशी होती, वास, आवाज, कोणी काय हुकूम दिला, हे बऱ्यापैकी टिकतं. तिसऱ्या प्रकाराकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं : नंतर वाचलेलं, पाहिलेलं आठवणीत येऊन मिसळणं. स्टाराखोवित्सेहून पुढे बिर्केनाउला नेलेले अनेकजण सांगतात की तिथे उतरल्यावर छावणीतल्या डॉक्टर मेंगेलेने आमची निवड केली, म्हणजे कोणाला कामाला ठेवायचं आणि कोणाला लगेच मारायचं ते ठरवलं. ब्राउनिंग यांनी दाखवलं की जुलै १९४४ च्या अखेरीस पोचलेली ही गाडी नेहमीची निवड न करताच आत घेतली गेली होती; म्हणूनच तिच्यातली काही लहान मुलंही वाचली. मेंगेलेचं नाव युद्धानंतर जगभर गाजलं आणि ते आठवणीत शिरलं. त्यामुळे १९४५ ची जबानी आणि १९९५ ची जबानी दोन्ही मिळत असतील तर आधी पहिली वाचायची, आणि दुसरीत नव्याने काय आलं त्यावर खूण करायची. नवं आलेलं सगळंच खोटं नसतं. लाजेपोटी किंवा कोणाला वाचवण्यासाठी दडवलेली गोष्ट कित्येकदा चाळीस वर्षांनी तोंडून निघते.

मुद्दाम रचलेल्या साक्षीही झाल्या आहेत. बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने १९९५ मध्ये छपाईत आलेल्या छावणीतल्या बालपणाच्या आठवणींना पुरस्कार मिळाले. पत्रकार डॅनिएल गान्झफ्रीड यांनी १९९८ मध्ये संशय मांडला, इतिहासकार श्टेफान मेखलर यांनी दप्तरं धुंडाळली आणि निघालं की लेखक स्वित्झर्लंडमध्ये जन्मून तिथेच वाढलेला होता. त्याचं जन्माचं आणि दत्तकविधानाचं दप्तर पहिल्याच दिवशी मागता आलं असतं. विचारणं असभ्य वाटलं म्हणून फार जणांनी विचारलं नाही, आणि त्याचा फटका खऱ्या साक्षीदारांना बसला.

आमच्या खात्यात ओळख परेडवर किती खटले पडतात ते मी पाहिलं आहे. छळणाऱ्याचा चेहरा बळी विसरत नाही, या म्हणण्यात तथ्य किती? (निवृत्त पोलीस अधिकारी, नागपूर)

फार थोडं, आणि याची जबर किंमत देऊन शिकलेला धडा म्हणजे जॉन डेम्यान्युकचा खटला. ट्रेब्लिंकाच्या गॅसकोठड्यांचं इंजिन चालवणारा, कैद्यांना हालहाल करून मारणारा एक पहारेकरी ‘इव्हान द टेरिबल’ म्हणून कैद्यांना ठाऊक होता. युक्रेनमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत क्लीव्हलँडला मोटार कारखान्यात काम करणारा डेम्यान्युक म्हणजेच तो, असं ट्रेब्लिंकातून वाचलेल्या अनेकांनी ओळखलं. १९८८ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. पुढे सोव्हिएत दप्तरांतून ट्रेब्लिंकाच्या इतर पहारेकऱ्यांच्या जुन्या जबान्या मिळाल्या. त्यांत त्या इव्हानचं आडनाव मार्चेंको होतं. जुलै १९९३ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने डेम्यान्युकला निर्दोष सोडलं.

साक्षीदार खोटं बोलले नव्हते. गोंधळ छायाचित्रं दाखवताना झाला. १९७६ मध्ये, म्हणजे घटनेला तेहेतीस वर्षं उलटल्यावर, त्यांना फोटो दाखवले गेले ते १९५१ च्या व्हिसा-अर्जातल्या चेहऱ्याचे. दाखवलेल्या फोटोंत गोल चेहरा, टक्कल पडत चाललेलं कपाळ, जाड मान या वर्णनाला बसणारे दुसरे चेहरे जवळजवळ नव्हतेच. दाखवणाऱ्याला संशयित कोणता ते ठाऊक होतं. बचावातर्फे आलेले डच मानसशास्त्रज्ञ विलेम वाखेनार यांनी नेमक्या याच गोष्टींवर बोट ठेवलं. त्याहून गंभीर म्हणजे, न्यायालयात ओळख पटवणाऱ्या एका साक्षीदाराने १९४७ मध्येच लिहून दिलं होतं की ट्रेब्लिंकातल्या कैद्यांच्या १९४३ च्या उठावात इव्हान मारला गेला.

तुम्हाला हे नवीन नाही, पण इतर वाचकांसाठी सांगतो. फोटो दाखवण्याआधी साक्षीदाराच्या तोंडून वर्णन लिहून घ्यावं लागतं. संशयिताच्या जोडीला त्या वर्णनाला बसणारे किमान पाच-सात चेहरे, सारख्याच आकाराचे, सारख्याच छपाईचे हवेत. दाखवणाऱ्याला संशयित कोण ते माहीत नसावं. ‘तो माणूस यात असेल किंवा नसेलही’ हे आधी बोलून दाखवायचं. साक्षीदार जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत, खात्रीच्या कमी-जास्त छटांसकट, तिथल्या तिथे उतरवायचं. ‘असावा बहुतेक’ला ‘ओळखला’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही. आणि एका साक्षीदाराची दुसऱ्याशी गाठ पडू द्यायची नाही. बचावलेल्यांच्या संघटना, स्मृतिसभा, वर्तमानपत्रांतले फोटो यांमुळे ही शेवटची अट वंशसंहाराच्या खटल्यांत पाळणं सगळ्यांत अवघड जातं.

याच डेम्यान्युकला २०११ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने सोबिबोर छावणीतला पहारेकरी म्हणून २८ हजारांहून अधिक खुनांत साथ दिल्याबद्दल दोषी धरलं. या वेळी चेहरा ओळखण्यावर भिस्त नव्हती. ओळखपत्र आणि बदलीचे कागद होते. अपील चालू असतानाच २०१२ मध्ये तो वारला. गॅसकोठड्या कशा चालत, कोण कुठे उभं असे, हे ट्रेब्लिंकाच्या त्याच साक्षीदारांनी सांगितलेलं मात्र १९९३ नंतरही तसंच उभं आहे. एका माणसाच्या साक्षीत एक कलम पडतं आणि बाकीची टिकतात, हे न्यायालयांना आता कळलेलं आहे. वाचकांनाही कळायला हवं.

साक्ष ‘पडताळली’ म्हणतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? (पत्रकारितेचा विद्यार्थी, सोलापूर)

याला स्रेब्रेनित्साइतकं चांगलं उदाहरण नाही. ११ जुलै १९९५ रोजी बोस्नियातलं हे गाव बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडलं आणि पुढच्या काही दिवसांत सात-आठ हजार मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. गोळीबाराच्या जागांवरून जिवंत निसटलेले मोजकेच. प्रेतांखाली निपचित पडून राहिलेले, रात्री सरपटत निघालेले.

त्यांच्याकडे नकाशा नव्हता, घड्याळ बहुधा काढून घेतलेलं होतं, काहींचे डोळे बांधलेले होते. मग त्यांच्याकडून मिळालं काय? ओराहोवात्सजवळ वाचलेले सांगत होते : शाळेच्या व्यायामशाळेत कोंबलं, बाहेर काढताना दारात डोळ्यांवर पट्टी बांधली, प्यायला पाणी दिलं, ट्रकमधून थोडंच अंतर नेलं, रांगेत उभं केलं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणातर्फे तपास करणाऱ्यांनी यातलं एकेक वाक्य सुटं केलं. व्यायामशाळा असलेली कोणती शाळा त्या रस्त्यावर आहे? तिथून ट्रकने काही मिनिटांवर मोकळं रान कुठे आहे? अशा रीतीने जागा ठरली आणि मग उत्खनन झालं. तिथल्याच लाझेतेच्या कबरींतल्या कवट्यांवर कापडाच्या पट्ट्या तशाच होत्या. लढाईत मेलेल्या सैनिकाचे डोळे बांधलेले नसतात. ‘हे लढताना मेले’ हा बचाव तिथेच ढासळला.

ब्रान्येवोच्या लष्करी शेतावर तर दोन्ही बाजूंनी साक्ष मिळाली. मारणाऱ्या तुकडीतला ड्राझेन एर्देमोव्हिच यानेच कबुली दिली की १६ जुलैला सकाळपासून दुपारपर्यंत बसगाड्या येत राहिल्या आणि हजार-बाराशे माणसं मारली गेली. तिथून वाचलेल्यांनी प्रेतांमधून जे पाहिलं-ऐकलं होतं त्याचा क्रम याच्याशी जुळला. अमेरिकेने १७ जुलैला आकाशातून घेतलेल्या छायाचित्रात त्याच शेतावर प्रेतं आणि खोदकामाचं यंत्र दिसतं. बसून बोलायची संधी एकमेकांना कधीच न मिळालेल्या तीन बाजू एकच सांगत होत्या. पिलित्साच्या सभागृहात आणखी सुमारे पाचशे जणांना मारलं, हे एर्देमोव्हिचनेच सांगितलं. पथक तिथे गेलं तेव्हा भिंतींवर गोळ्यांच्या खुणा आणि रक्ताचे डाग मिळाले.

घोळ कुठे झाला? काही कबरी उघडल्या तर साक्षीत सांगितल्यापेक्षा प्रेतं फारच कमी निघाली. वरवर पाहता साक्षीदारांनी फुगवून सांगितलं असं वाटावं. खरं कारण वेगळं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबर १९९५ मध्ये यंत्रं लावून प्रेतं उपसली गेली आणि दूरच्या दुसऱ्या कबरींत नेऊन टाकली गेली. हे सिद्ध कसं केलं ते बघण्यासारखं आहे. कोझ्लुकची हत्येची जागा बाटल्या भरण्याच्या कारखान्याचा कचरा टाकण्याची होती, तिथे हिरव्या काचांचे तुकडे आणि बाटल्यांची लेबलं पसरलेली. तशाच काचा, तशीच लेबलं चांचारी रस्त्यालगतच्या एका दुय्यम कबरीत मिळाली. इतर ठिकाणी माती, परागकण, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आणि पुढे डीएनए यांनी तेच काम केलं. एकाच माणसाची हाडं दोन-तीन कबरींतून जुळवावी लागली. ऑगस्ट २००१ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याचा जनरल क्रस्टिच दोषी ठरला तो या सगळ्यावर. २००४ मध्ये अपिलात त्याची भूमिका ‘वंशसंहाराला साहाय्य’ अशी खाली आणली गेली, पण स्रेब्रेनित्सात वंशसंहार झाला हा निष्कर्ष कायम राहिला.

यातून पत्रकाराने उचलायची गोष्ट : साक्षीदाराला ‘किती जण होते?’ विचारू नका, किंवा विचारलंत तरी त्यावर मथळा बांधू नका. ‘किती बस आल्या? बसमध्ये उभं राहायला जागा होती का? ऊन कोणत्या बाजूला होतं? पायाखाली काय होतं, गवत की खडी?’ हे विचारा. यातलं प्रत्येक उत्तर दुसऱ्या कोणाला तरी जाऊन तपासता येतं.

बायकांवरचे अत्याचार या साक्षींत इतके उशिरा का येतात? उशिरा सांगितलेलं न्यायालय मानतं का? (सामाजिक कार्यकर्ती, धुळे)

मानतं. उशीर बऱ्याचदा विचारणाऱ्याकडूनच होतो. रवांडात एप्रिल ते जुलै १९९४ या साधारण शंभर दिवसांत तुत्सींचा वंशसंहार झाला. त्यासाठी टांझानियात आरुशाला नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात ताबा गावचा प्रमुख झाँ-पोल अकायेसू याच्यावर १९९७ च्या सुरुवातीला खटला उभा राहिला तेव्हा आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. ‘जे’ या सांकेतिक अक्षराने ओळखली गेलेली एक साक्षीदार दुसऱ्याच गोष्टींबद्दल बोलत असताना आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेल्या बलात्काराबद्दल बोलली. तपास करणाऱ्यांनी आधी तिला ते विचारलंच नव्हतं. पीठावर नवनीतम पिल्ले या एकच महिला न्यायाधीश होत्या; पीठाने पुढचे प्रश्न विचारले, नवे साक्षीदार आले, जून १९९७ मध्ये आरोपपत्र बदललं. २ सप्टेंबर १९९८ चा निकाल हा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहारासाठी दिलेला पहिला दोषनिर्णय, आणि वंशसंहार घडवण्याचं साधन म्हणून बलात्काराला मान्यता देणाराही पहिलाच.

या न्यायाधिकरणाच्या नियमांत लैंगिक अत्याचाराच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याची पुष्टी हवीच अशी अट नव्हती. न्यायाधीशांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. तपासातली आधीची जबानी आणि न्यायालयातली साक्ष यांत फरक दाखवून साक्षीदाराला खोटं पाडायचा प्रयत्न होत असे. ती आधीची जबानी म्हणजे दुभाष्यामार्फत विचारून, तपासनिसाने परक्या भाषेत केलेला सारांश होता. साक्षीदाराचे शब्द त्यात होतेच कुठे? म्हणून अशा फरकांना न्यायाधीशांनी बेताचंच वजन दिलं. आपल्याकडे कोणी जबान्या नोंदवत असेल तर सारांशाच्या शेजारी मूळ शब्दांचं ध्वनिमुद्रण का लागतं, त्याचं कारण हेच.

झालं तो वंशसंहार होता की नव्हता, हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार बचावलेल्यांचाच नको का? (वाचक, पणजी)

नको. संयुक्त राष्ट्रांच्या वंशसंहाराविषयीच्या १९४८ च्या करारानुसार एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाला, तो गट म्हणून, पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. हुकूम ठरला त्या खोलीत मार खाणारा माणूस नव्हता. कंबोडियाच्या एस-२१ तुरुंगातून जिवंत आलेले व्हान नाथ, चुम मे आणि बू मेंग २००९ मध्ये तुरुंगप्रमुख डुइक याच्याविरुद्ध बोलले. तिथे किमान १२ हजार माणसं मारली गेली, या तिघांच्या साक्षीवर कोणी गंभीर शंका घेतली नाही. तरी डुइकचा गुन्हा मानवतेविरुद्धचा ठरला. त्या काळी कंबोडियात सत्तेवर असलेल्या ख्मेर रूजच्या नेत्यांना वंशसंहाराचा दोष लागला तो २०१८ मध्ये, चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी लोकांच्या बाबतीत. यामुळे एस-२१ चं दुःख तसूभर हलकं होत नाही. साक्ष सांगते काय झालं. त्याला कोणतं कलम लागतं, हा वेगळ्या पुराव्याचा प्रश्न.

नाकारणाऱ्यांसमोर बचावलेल्यांनाच उभं का करत नाहीत? (वाचक, ठाणे)

लंडनला २००० मध्ये ज्यूंचा संहार नाकारणाऱ्या डेव्हिड अर्विंगने इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांच्यावर लावलेल्या बदनामीच्या दाव्यात बचावाने एकाही वाचलेल्या माणसाला साक्षीला न बोलवण्याचं मुद्दाम ठरवलं. अर्विंग वकील न देता स्वतःच आपली बाजू लढवत होता. आयुष्याच्या अखेरीला आलेल्या माणसाची उलटतपासणी त्याच्या हातात देणं क्रूर ठरलं असतं, आणि कोणी एखादा तपशील चुकला की त्याचा बोभाटा झाला असता. ऑशविट्झच्या बांधकामाचे कागद आणि अर्विंगच्या लेखनातल्या तळटिपांची छाननी एवढ्यावर दावा जिंकला गेला. नाकारणाऱ्याशी वाद घालणं हे इतिहासकारांचं काम आहे.

आमच्या गांधीनगरात फाळणीत सिंधमधून आलेल्या आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. आधी इथे वळिवड्याची पोलिश छावणी होती. दोन्हींच्या आठवणी नोंदवायच्या तर सुरुवात कशी करू? (वाचक, गांधीनगर, जि. कोल्हापूर)

आधी कोण कशाचा साक्षीदार आहे ते स्वच्छ लिहून ठेवा. वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित नाझी छावण्यांतून आलेले नव्हते. सोव्हिएत सरकारने १९४०-४१ मध्ये त्यांना घरांतून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियात नेलं होतं. पोलंड आणि सोव्हिएत सरकार यांच्यातल्या १९४१ च्या करारानंतर सुटका होऊन ते इराणमार्गे भारतात आले. त्यांना कोणी हिटलरच्या छावण्यांतून वाचलेले म्हणत असेल, तर ते चूक आहे. तुमच्या आजींच्या बाबतीतही ‘वंशसंहार’ हा शब्द आधीच प्रश्नात घालू नका. त्यांनी काय पाहिलं तेवढंच विचारा, त्यांचा शब्द त्या स्वतः निवडतील.

पहिली भेट रेकॉर्डरशिवाय. कशासाठी नोंदवताय, कुठे ठेवणार, कोण ऐकणार हे सांगा आणि संमती लेखी घ्या. तीत दोन रकाने हवेतच : नाव उघड करायचं की नाही, आणि किती वर्षं बंद ठेवायचं. नंतर मागे घेण्याची मुभाही लिहा.

एका बैठकीला तास-दीड तास पुरे, आणि दोन बैठकींत दोन-तीन दिवसांचं अंतर. पंखा आणि फ्रिज बंद, फोन फ्लाइट मोडवर, माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. आवाज वेव्ह फाइलमध्ये घ्या. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये पुटपुटलेले शब्द हरवतात. मुलं, सुना खोलीत नकोत. त्या ‘अहो आई, तसं नव्हतं’ म्हणून दुरुस्त करतात आणि पुढच्या बैठकीत आजी मुलाची गोष्ट सांगू लागतात.

सुरुवात घराच्या नकाशापासून करा. कागद पुढे ठेवा : दार कुठे, विहीर कुठे, शेजारी कोण. नकाशा काढताना माणसाला क्रम आठवतो. ‘तेव्हा दंगल झाली ना?’ असं कधीच विचारू नका. ‘त्या दिवशी सकाळी काय चाललं होतं?’ असं विचारा. प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यावर एकच जोडप्रश्न : हे तुम्ही पाहिलं, कोणाकडून ऐकलं, की नंतर कळलं? जुने फोटो आणि पुस्तकं बोलणं पूर्ण झाल्यावरच दाखवा. रडू आलं तर रेकॉर्डर झटक्यात बंद करू नका. थांबायचं का ते त्यांनाच विचारा, आणि त्या हो म्हणाल्या तर थांबा. दुसऱ्या दिवशी चौकशीचा फोन करायचाच, कारण रात्र वाईट जाते.

त्या सिंधीत बोलत असतील तर सिंधीतच घ्या, लिप्यंतरही सिंधीतच करा. मराठी भाषांतर शेजारी वेगळं. तासभराच्या बोलण्याला पाच-सहा तास लिहायला लागतात, ते धरूनच वेळ काढा. अडखळणं, गप्प बसणं, वाक्य अर्धवट सोडणं कंसात नोंदवा, सफाई करू नका. नंतर मूळ फाइलच्या तीन प्रती करा आणि त्यांतली एक तरी गावाबाहेर ठेवा. सोबत एक पानभर टिपण : तारीख, जागा, कोण हजर होतं, कोणते प्रश्न विचारले, कोणती उत्तरं कोणत्या कागदावर पडताळली. जहाजाच्या किंवा छावणीतल्या नोंदणीचा कागद, रेशनकार्ड, शाळेचा दाखला घरात असेल तर त्याचा फोटो त्याच दिवशी घ्या. तारखा आजींच्या तोंडून आल्या तशाच राहू द्या आणि कागदावरची तारीख त्या टिपणात वेगळी लिहा.